पवनचक्कीसाठी जागा योग्य आहे का? वाऱ्याची पारख आणि शेतकऱ्याने घ्यावयाची काळजी

महाराष्ट्रात पवनचक्क्या आता नव्या राहिलेल्या नाहीत. १९८६ मध्ये देशातील पहिल्या काही प्रात्यक्षिक प्रकल्पांपैकी एक रत्नागिरी येथे उभा राहिला, तेव्हा एका यंत्राची क्षमता अवघी ५५ किलोवॅट होती. त्यानंतर सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे व चाळकेवाडीचे पठार, सांगली जिल्ह्यातील ढालगाव, धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेल, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील सुप्याजवळचा कवड्या डोंगर अशा अनेक ठिकाणी पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. अलीकडे बीड, धाराशिव या मराठवाड्यातील जिल्ह्यांतही माळरानांची पाहणी होत आहे. आजच्या यंत्रांची क्षमता दोन ते तीन मेगावॅट किंवा त्याहूनही अधिक असते.

अशा भागातील शेतकऱ्याकडे एखादे दिवशी कोणीतरी येऊन सांगतो, "तुमच्या माळावर वारा चांगला आहे, जमीन द्या." वारा चांगला आहे म्हणजे नेमके काय, तो कोणी, किती उंचीवर आणि किती दिवस मोजला, हे विचारल्याशिवाय करारावर सही होते. नंतर एक तर यंत्र उभेच राहत नाही आणि जमीन करारात अडकून पडते, किंवा उत्तम जागा कवडीमोलाने हातची जाते. जमिनीची प्रत माती परीक्षणाशिवाय ठरवू नये असे आपण नेहमी सांगतो. वाऱ्याचेही तसेच आहे. जागेची पारख कशी करतात हे शेतकऱ्यास ठाऊक असल्यास त्याला योग्य प्रश्न विचारता येतात. त्या दृष्टीने या लेखात माहिती दिली आहे.

वाऱ्याचा वेग आणि शक्ती

वाऱ्यापासून मिळणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. जागेच्या निवडीत सर्वाधिक महत्त्व याच गोष्टीला आहे. वेग दुप्पट झाला तर शक्ती दुप्पट न होता आठपट होते. सेकंदाला ५ मीटर (ताशी १८ किलोमीटर) वेगाच्या वाऱ्याची शक्ती १२५ भाग धरली, तर ६ मीटर वेगास ती २१६ भाग आणि ७ मीटर वेगास ३४३ भाग होते. म्हणजे वेगात केवळ १ मीटरचा फरक पडला की शक्ती ७३ टक्क्यांनी वाढते. अंगाला लागणाऱ्या वाऱ्यावरून ५ आणि ६ मीटरमधील फरक कोणालाही सांगता येत नाही. प्रकल्प चालेल की बुडेल हे मात्र त्यावरच ठरते.

यंत्र साधारणपणे सेकंदाला ३ ते ४ मीटर वेगाला फिरून वीज देऊ लागते. सुमारे ११ ते १३ मीटर वेगाला ते पूर्ण क्षमतेने चालते. त्यापुढे वारा वाढला तरी वीज वाढत नाही आणि सुमारे २५ मीटर वेगाला यंत्र स्वतःला बंद करून घेते. म्हणून वादळी वारा कामाचा नसतो. मध्यम ते जोरदार आणि दीर्घकाळ टिकणारा वारा हवा असतो.

उंचीवर हवा विरळ असते, हेही लक्षात घ्यावे. समुद्रसपाटीपासून १००० मीटर उंचीच्या पठारावर हवेची घनता सुमारे १० टक्के कमी असते आणि तेवढ्या प्रमाणात शक्ती घटते. तरीही घाटमाथ्यावरील जागा चांगल्या ठरतात, कारण तेथे वाढलेल्या वेगाचा फायदा या घटीपेक्षा कितीतरी अधिक असतो.

सरासरीवर विसंबू नये

वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडला एवढ्यावरून पीक हाती येईल की नाही हे सांगता येत नाही. तो केव्हा पडला आणि किती दिवसांत पडला, हे पाहावे लागते. वाऱ्याच्या सरासरीचेही तसेच आहे.

दोन जागांचा विचार करू. एका जागी बाराही महिने ६ मीटर वेगाचा वारा आहे. दुसऱ्या जागी पावसाळ्याचे चार महिने १० मीटर आणि उरलेले आठ महिने ४ मीटर वेगाचा वारा आहे. दोन्हींची वार्षिक सरासरी ६ मीटरच येते. मात्र घनाच्या हिशेबाने पहिल्या जागेची शक्ती २१६ भाग, तर दुसरीची ३७६ भाग भरते. महाराष्ट्रातील जागा बहुतांशी दुसऱ्या प्रकारच्या असतात. जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्री ओलांडून वाहतात आणि वर्षाच्या विजेपैकी निम्म्याहून अधिक वीज या चार महिन्यांत मिळते.

यासाठी तज्ज्ञ मंडळी नुसती सरासरी न काढता वर्षाच्या ८,७६० तासांपैकी किती तास कोणता वेग होता, याची विभागणी करतात. पुढील तक्ता केवळ समजण्यासाठी घेतलेले काल्पनिक उदाहरण आहे. यंत्राची क्षमता २ मेगावॅट (२,००० किलोवॅट) धरली आहे.

तक्ता : वेगानुसार तासांची विभागणी आणि वीज

| वेग (मीटर प्रति सेकंद) | वर्षातील तास | यंत्राची सरासरी शक्ती (किलोवॅट) | वीज (लाख युनिट) |
|---|---|---|---|
| ४ पेक्षा कमी | २,६०० | ० | ० |
| ४ ते ६ | २,४०० | १८० | ४.३२ |
| ६ ते ८ | १,९०० | ५५० | १०.४५ |
| ८ ते १० | १,१०० | १,१५० | १२.६५ |
| १० ते १२ | ५०० | १,७५० | ८.७५ |
| १२ पेक्षा जास्त | २६० | २,००० | ५.२० |
| एकूण | ८,७६० | | ४१.३७ |

यातून एक गोष्ट दिसून येते. ८ मीटरपेक्षा अधिक वेगाचा वारा वर्षातील केवळ १,८६० तास, म्हणजे सुमारे २१ टक्के वेळ आहे, पण एकूण विजेपैकी ६४ टक्के वीज त्याच वेळात मिळते. यंत्रांची एकमेकांवर पडणारी सावली, दुरुस्तीसाठी बंद राहणारा वेळ आणि वाहिन्यांतील घट यांपोटी १५ टक्के वजा केल्यास सुमारे ३५ लाख युनिट उरतात. यंत्र वर्षभर पूर्ण क्षमतेने चालले असते तर १७५.२ लाख युनिट मिळाले असते. म्हणजे क्षमतेचा वापर सुमारे २० टक्के झाला. ही टक्केवारी जागेचा कस दाखविते. २० ऐवजी २५ टक्के वापर मिळाल्यास त्याच यंत्रापासून वर्षाला ८.७६ लाख युनिट जादा मिळतात. कोणी जागा मागावयास आल्यास ही अपेक्षित टक्केवारी जरूर विचारावी.

उंची, भूरचना आणि अडथळे

जमिनीलगत वारा झाडे, पिके व घरे यांच्या घर्षणाने मंदावतो आणि उंचीनुसार वाढत जातो. मोकळ्या सपाट प्रदेशात १० मीटर उंचीवर ४ मीटर वेग असेल, तर १०० मीटर उंचीवर तो सर्वसाधारणपणे ५.५ मीटरच्या आसपास भरतो आणि शक्ती सुमारे २.७ पट होते. कृषि हवामान वेधशाळेतील वेगमापक पिकांच्या दृष्टीने जमिनीपासून सुमारे ३ मीटर उंचीवर बसविलेला असतो. त्या नोंदी बाष्पीभवन काढण्यासाठी उपयुक्त आहेत. पवनचक्कीसाठी त्यांचा उपयोग केवळ कोणत्या महिन्यात वारा वाढतो हे पाहण्यापुरता करावा.

भूरचनेचा परिणाम फार मोठा असतो. वाऱ्याकडील बाजूस हळूहळू चढत जाणारा, माथ्यावर गोलसर असलेला डोंगर वाऱ्यास दाबून त्याचा वेग वाढवितो. वाऱ्याच्या दिशेला आडवी पसरलेली लांब डोंगररांग याहून चांगली. दोन डोंगरांमधील खिंडीतही वारा एकवटतो. तामिळनाडूतील आरल्वायमोळी खिंडीलगतचा मुप्पंदलचा परिसर याच कारणाने पवनचक्क्यांसाठी प्रसिद्ध झाला. याउलट सरळ तुटलेल्या कड्याच्या अगदी काठावर वारा जोरात लागतो खरा, पण तेथे तो उसळून वर फेकला जातो आणि भोवरे निर्माण होतात. भोवऱ्यांचा वारा पाती व गिअर यांना हादरे देऊन यंत्राचे आयुष्य घटवितो. सह्याद्रीच्या पश्चिम कड्यांवर हा धोका विशेष असतो. म्हणून कड्यावर उभे राहून टोपी उडाली यावरून जागा उत्तम ठरवू नये. डोंगरमाथ्यावर उंचीनुसार वेग वाढण्याचा सपाटीवरचा ठोकताळाही लागू पडत नाही. तेथे प्रत्यक्ष मोजणीला पर्याय नाही.

अडथळ्यांबाबत केळी बागायतदारांचा अनुभव उपयोगी आहे. बागेच्या कडेने शेवरीचा वारारोधक पट्टा लावल्यास त्याच्या उंचीच्या १५ ते २० पट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी होतो. बागेस जे हितकारक तेच पवनचक्कीस मारक असते. झाडी, टेकडी किंवा इमारत यांच्यामागे उंचीच्या सुमारे दुप्पट उंचीपर्यंत आणि २० पट अंतरापर्यंत वारा विस्कळीत राहतो. पातीचा सर्वांत खालचा टप्पाही या थराच्या वर असावा लागतो.

पवनचक्कीदेखील तिच्यामागच्या पवनचक्कीस अडथळाच असते. म्हणून सर्वसाधारणपणे मुख्य वाऱ्याच्या दिशेने पात्यांच्या वर्तुळाच्या व्यासाच्या ७ पट आणि आडव्या दिशेने ५ पट अंतर ठेवावे असा ठोकताळा आहे. १२० मीटर व्यासासाठी ही अंतरे ८४० व ६०० मीटर होतात. त्यामुळे एकाच माळावरील दहा खातेदारांपैकी दोघांच्या किंवा तिघांच्याच जमिनीत यंत्र येते. उरलेल्यांची जमीन वाऱ्याच्या हिशेबात धरलेली असते, पण त्यांना मोबदला मिळेलच असे नाही. अशा ठिकाणी सर्व खातेदारांनी एकत्र बसून बोलणी करणे हितावह ठरते.

शेतकऱ्यास करता येणारी प्राथमिक पाहणी

यंत्रसामग्रीशिवायही जागेचा अंदाज घेता येतो. बोफर्टच्या वारामापन श्रेणीनुसार पुढील खुणा पाहाव्यात. हे वेग १० मीटर उंचीचे आहेत.

१) पाने व बारीक डहाळ्या सतत हलतात, हलका झेंडा पसरतो : ताशी १२ ते १९ किलोमीटर.
२) धूळ व कागद उडतात, लहान फांद्या हलतात : ताशी २० ते २८ किलोमीटर.
३) पानांनी भरलेली लहान झाडे डोलू लागतात, तळ्याच्या पाण्यावर फेसाळ लहरी उठतात : ताशी २९ ते ३८ किलोमीटर.
४) मोठ्या फांद्या हलतात, तारा शीळ घालतात, छत्री धरणे अवघड होते : ताशी ३९ ते ४९ किलोमीटर.

रोज सकाळी, दुपारी, सायंकाळी आणि शक्य तर रात्री अशी नोंद वर्षभर वहीत ठेवावी. वाऱ्याची दिशाही लिहावी. रात्रीची नोंद महत्त्वाची आहे, कारण काही जागी दुपारी उन्हाने उठलेला वारा सूर्यास्तानंतर पडतो, तर काही पठारांवर तो रात्रभर टिकतो.

झाडेही साक्ष देतात. सड्यावरील एकाकी झाडांचा शेंडा पूर्वेकडे झुकलेला आणि पश्चिमेकडील फांद्या खुरटलेल्या असतील, तर तेथे पावसाळी वारा जोरदार असतो. मात्र झाडे सरळ आहेत म्हणून वारा नाही असे समजू नये. ही सर्व लक्षणे जागा मोजणीस पात्र आहे की नाही एवढेच सांगतात.

शास्त्रीय मोजणी

भारतातील वाऱ्याच्या नोंदींचे पद्धतशीर संकलन करण्यात हवामानशास्त्रज्ञ अण्णा मणी यांचा मोठा वाटा आहे. डी. ए. मुळे यांच्यासमवेत त्यांनी सिद्ध केलेला भारतातील पवन ऊर्जेच्या आकडेवारीचा ग्रंथ १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. आज हे काम चेन्नई येथील राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था पाहते. ही संस्था १९९८ मध्ये वेगळ्या नावाने स्थापन झाली होती. तिच्या अंदाजानुसार १५० मीटर उंचीवर देशाची पवन क्षमता सुमारे ११ लाख ६४ हजार मेगावॅट असून त्यात महाराष्ट्राचा वाटा सुमारे १ लाख ७४ हजार मेगावॅट आहे. ५० मीटर उंचीसाठी पूर्वी केलेला देशाचा अंदाज सुमारे ४९ हजार मेगावॅटचा होता. उंची वाढली आणि मोजणीच्या पद्धती सुधारल्या, त्यामुळे एकेकाळी नापसंत ठरलेली माळरानेही आता विचारात घेतली जातात.

नकाशावरून तालुका निवडता येतो, गट क्रमांक निवडता येत नाही. त्यासाठी जागेवर मोजणीचा मनोरा उभारावा लागतो. त्याबाबत पुढील बाबी पाहाव्यात.

१) मनोऱ्याची उंची प्रस्तावित यंत्राच्या आसाच्या उंचीच्या जवळपास असावी. वेगमापक किमान दोन-तीन वेगवेगळ्या उंचींवर असावेत, म्हणजे उंचीनुसार होणारी वाढ प्रत्यक्ष कळते.
२) वेगमापक प्रमाणित केलेले असावेत आणि मनोऱ्याच्या आडोशात येणार नाहीत असे लांब दांड्यांवर बसविलेले असावेत. सोबत दिशादर्शक, तापमापक व वायुदाबमापक असावा.
३) दर दहा मिनिटांची सरासरी आपोआप नोंदली जावी.
४) मोजणी किमान एक पूर्ण वर्ष चालावी. डिसेंबरमध्ये महिनाभर यंत्र बंद पडल्यास जे नुकसान होते, त्यापेक्षा जुलैमधील पंधरा दिवसांची तूट कितीतरी महाग पडते, कारण वर्षाची वीज त्याच काळावर अवलंबून असते.
५) एखादे वर्ष अधिक वाऱ्याचे, तर एखादे कमी वाऱ्याचे असते. म्हणून एका वर्षाच्या नोंदी त्या भागातील दीर्घकालीन नोंदींशी ताडून पाहाव्या लागतात.

आजकाल जमिनीवरून ध्वनी किंवा लेसर किरण सोडून वरच्या थरातील वारा मोजणारी उपकरणेही वापरतात. मनोऱ्याच्या नोंदींची पडताळणी करण्यास ती उपयुक्त आहेत.

वाऱ्याव्यतिरिक्त इतर बाबी

वारा उत्तम असूनही जागा बाद होऊ शकते. त्याची मुख्य कारणे अशी.

रस्ता : पाते ६० मीटर किंवा त्याहून लांब आणि अखंड असते. घाटातील वळणांवरून ते वर नेता आले पाहिजे. त्यासाठी रुंद केलेला रस्ता कोणाच्या शेतातून जाणार आणि त्याचा मोबदला काय, हे आधी ठरावे.

वीजवाहिनी : जवळच्या उपकेंद्रापर्यंतचे अंतर आणि तेथे शिल्लक असलेली क्षमता पाहावी. मनोऱ्यापासून निघणाऱ्या वाहिनीचे खांब आणि तारा ज्यांच्या शेतावरून जातात त्यांचाही हक्क विचारात घ्यावा.

पाया : कठीण खडक किंवा पक्का मुरूम पायास चांगला. खोल काळ्या चिकण जमिनीत पाया खर्चिक होतो.

वस्ती : केंद्र सरकारने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये राहत्या घरापासून ५०० मीटरच्या आत यंत्र नसावे असे म्हटले आहे. सार्वजनिक रस्ते, लोहमार्ग, इमारती व उच्चदाब वाहिन्यांपासून आसाची उंची अधिक पात्यांच्या वर्तुळाचा अर्धा व्यास अधिक ५ मीटर एवढे अंतर सांगितले आहे. आस १०० मीटर उंच आणि व्यास १२० मीटर असल्यास हे अंतर १६५ मीटर होते.

निसर्ग : सड्यांवरील वनस्पती व पशुपक्षी फार नाजूक असतात. कासचे पठार २०१२ पासून जागतिक वारसा स्थळांत आहे. चाळकेवाडी पठारावरील अभ्यासात, पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चार पटींनी कमी आणि सरड्यांची संख्या अधिक आढळल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. वनजमीन व संवेदनशील क्षेत्र आहे का, हे आधी तपासावे.

पवनचक्क्यांमुळे पाऊस पळतो, असा समज दुष्काळी भागात ऐकू येतो. पाऊस देणाऱ्या बाष्पयुक्त हवेच्या थराची जाडी काही किलोमीटर असते आणि पाती तिच्या तळच्या दीड-दोनशे मीटरांतच फिरतात. त्यामुळे या समजास शास्त्रीय आधार नाही. आवाज, पात्यांची हलती सावली आणि चराऊ रानातून फुटणारे रस्ते या तक्रारी मात्र खऱ्या असून त्यांची दखल घेणे आवश्यक आहे.

करार करताना घ्यावयाची काळजी

१) मोजणीच्या मनोऱ्याचा करार आणि पवनचक्कीचा करार वेगवेगळा करावा. पहिला अल्पमुदतीचा असावा. मोजणीचा निष्कर्ष येण्याआधी दीर्घ मुदतीसाठी जमीन बांधून देऊ नये.
२) ठरलेल्या मुदतीत यंत्र उभे न राहिल्यास करार आपोआप संपुष्टात येईल, अशी अट लेखी असावी.
३) यंत्राचा पाया व क्रेनची जागा सोडून उरलेल्या क्षेत्रात पीक घेता येते. म्हणून किती गुंठे कायमचे व किती तात्पुरते लागणार, हे मोजणी नकाशासह लिहून घ्यावे.
४) विक्री करावी की भाडेपट्टा, याचा विचार घरातील सर्व हिस्सेदारांसह करावा. भाडेपट्ट्यात दर काही वर्षांनी वाढीची तरतूद असावी.
५) उभ्या पिकाची नुकसानभरपाई, बांधबंदिस्तीची दुरुस्ती आणि यंत्राचे आयुष्य संपल्यावर ते काढून नेण्याची जबाबदारी कोणाची, हे स्पष्ट असावे.
६) सातबारा उताऱ्यावरील नोंदी, विशेषतः इतर हक्क, करारापूर्वी व नंतर तपासाव्यात. आदिवासी खातेदाराच्या जमिनीस महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६ व ३६-अ ची बंधने लागू आहेत. गायरान, वतन व वनजमिनीबाबत तहसील कार्यालयात चौकशी करावी.
७) कराराचा मसुदा जाणकार वकिलास दाखवावा आणि तांत्रिक शंकांसाठी महाऊर्जाच्या कार्यालयाशी संपर्क साधावा.

माळरानाची जमीन पिकाच्या दृष्टीने हलकी असली, तरी वाऱ्याच्या दृष्टीने ती कसदार असू शकते. तो कस किती, हे ठरविण्यासाठी वर्षभराच्या नोंदी, योग्य उंची आणि तासांची विभागणी या तीन गोष्टी लागतात. जागा मागणाऱ्याकडे त्या असल्यास त्या पाहूनच मोबदला ठरवावा आणि नसल्यास आधी मोजणी करावयास सांगावी. शेतकरी बंधू-भगिनींनी या पद्धतीने विचारपूस करून निर्णय घेतल्यास आपल्या माळावरील वाऱ्याचे योग्य मोल त्यांच्या पदरात पडेल.